काहीही न मिसळता

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की बाईने रागाच्या भरात केलं. रागाच्या भरात मी फार तर दार आपटते. त्या गुरुवारी सरांच्या खोलीत जे केलं ते पूर्ण शुद्धीवर, चष्मा पुसून, दोन प्रतींमध्ये केलं.

मी प्रयोगशाळेत सहायक आहे. बावीस वर्षं झाली. सहायक म्हणजे काय, तर प्रयोग दुसऱ्यांनी करायचे आणि त्यांचं उष्टं-खरकटं मी काढायचं. काचेची भांडी, नळ्या, गाळण्या आणि गेल्या दीड वर्षापासून टेफ्लॉनचे कप. हे कप म्हणजे नखरेल प्रकरण. पांढरेशुभ्र, जाड, हाताला मेणासारखे लागतात आणि पाण्याला अंगाला शिवू देत नाहीत.

आमच्याकडे कोळशाचे गोळे करतात. गोळे म्हणजे डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. डोळ्यांना दिसते ती नुसती काळी पूड, बोटाला लागली की दोन दिवस निघत नाही. साखरेचं पाणी कपात भरायचं, कप स्टीलच्या जाड कवचात बसवायचा, झाकण पान्याने आवळायचं आणि एकशे ऐंशी अंशांच्या ओव्हनमध्ये बारा तास ठेवून द्यायचं. आत दाब चढतो, साखर करपते आणि करपता करपता तिचे गोळे होतात. ते गाळून, धुऊन, वाळवून मग आठशे अंशांच्या भट्टीत घालायचे, आत नायट्रोजन वायू खेळवत, नाहीतर जळून राख. जो कोळसा निघतो त्याला आतून भोकंच भोकं असतात. एका ग्रॅममध्ये टेनिसची दोन मैदानं मावतील एवढी जागा, असं आमचे प्रमुख, म्हणजे सर, पाहुण्यांना सांगतात. पाण्यातलं, रक्तातलं विष शोषून घ्यायला तो वापरायचा.

गोम अशी की साखरेच्या पाण्याला त्याच्या मनावर सोडलं तर गोळे एकमेकांना चिकटतात आणि ढेकळं होतात. म्हणून त्यात साबणाच्या जातीचं काहीतरी घालावं लागतं. त्याला सगळे सर्फॅक्टंट म्हणतात. ते प्रत्येक गोळ्याभोवती बसतं, त्याला शेजाऱ्याला चिकटू देत नाही आणि पुढे भट्टीत जळून गेलं की आपल्या जागी भोक ठेवून जातं. कोणतं घालायचं आणि किती, यावर सगळा खेळ.

या खेळावर जी मुलगी डॉक्टरेट करत होती तिला मी घाई म्हणते. ती उभ्याने जेवते, चालायचं तिथे पळते आणि वाक्य अर्धं झालं की पुढचं सुरू करते. मला मावशी म्हणते. पोरगी गुणी आहे, पण स्वतःच्या सावलीला घाबरणारी. तिने चार रांगा लावल्या होत्या. तीन रांगांत तीन जातींचे सर्फॅक्टंट आणि चौथ्या रांगेत नुसतं साखरेचं पाणी, तुलनेसाठी. चौथ्या रांगेत ढेकळं यायची होती. आले ते गोळे. सुटे, गोल, एकसारखे, आणि भोकं बाकी तिघांपेक्षा जास्त.

सर तीन दिवस हवेत होते. सर्फॅक्टंटशिवाय गोळे! खर्च वाचला, नंतर धुण्याची कटकट वाचली. पद्धत छापून आली, घाईच्या प्रबंधाचं नाव बदललं गेलं. सर जातील तिथे एकच वाक्य बोलायला लागले, "काहीही न मिसळता." मला तर वाटायचं, झोपेतही तेच बोलत असतील.

मग माझ्या मुलीचं बाळंतपण आलं आणि मी सात आठवडे रजेवर गेले. परत आले तर प्रयोगशाळेत सुतक. गोळे येईनासे झाले होते. तीच साखर, तेच कप, तोच ओव्हन आणि बाहेर येतंय ते काळं ढेकूळ. त्यातच दुसऱ्या एका विद्यापीठाच्या लोकांनी कळवलं की तुमच्या पद्धतीने आम्ही अकरा वेळा करून पाहिलं, आम्हाला एकदाही गोळे मिळाले नाहीत. चौकशीसाठी तिघांची समिती येणार असं ठरलं.

सरांनी मला खोलीत बोलावलं.

"बाई, बसा."

"उभी बरी आहे, सर."

त्यांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. मी वाचला. माझ्या रजेच्या काळात आणि त्यानंतर कपांच्या स्वच्छतेत हलगर्जीपणा झाला, त्यामुळे अलीकडचे प्रयोग बिघडले, त्याची जबाबदारी मी घेत आहे. खाली माझं नाव आणि सहीसाठी रेघ.

"मी रजेवर होते तेव्हा कप कोणी धुतले?"

"तुमच्या त्या घाईने. पण तुम्ही तिला नीट दाखवून गेला नाहीत."

"आणि आल्यापासून मी धुतेय. पुस्तकात लिहिलंय तसं. गरम पाणी, अल्कोहोल, डिस्टिल्ड वॉटर."

"बाई, हे फक्त कागदापुरतं आहे. तुमची नोकरी कुठे जात नाही. फार तर स्टोअरमध्ये बदली होईल."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बावीस वर्षांत माझ्या हातून एक फ्लास्क फुटलेला नाही असं मी म्हणणार नाही, चिक्कार फुटले; पण घाणेरडं भांडं मी कधी कोणाच्या हातात दिलेलं नाही. मी कागद तिथेच ठेवला आणि बाहेर आले. दार आपटलं, तेवढं खरं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो शिलाई मशीनवर एका कोटाचं अस्तर लावत होता. मान वर न करता म्हणाला, "करून टाक सही. नाव खराब होतं म्हणजे काय होतं गं? आपल्याला ओळखतं कोण?"

"मी ओळखते," मी म्हटलं. त्या दिवशी चहा त्यानेच केला.

दुसऱ्या दिवशी मी कप धुऊन उजेडात धरले. सवय जुनी, पण परत आल्यापासून राहूनच गेली होती. आणि कपांवर डाग दिसले. पाण्याचे थेंब सुकून पडतात तसे बारीक, गोल, करडे. पूर्वी असे डाग पडायचे नाहीत. पूर्वी शेवटचं पाणी मारलं की ते सरळ ओघळून जायचं आणि कप आतून आरशासारखा निघायचा. आता पाणी थेंब थेंब होऊन बसत होतं.

का? तर पूर्वी माझी बाटली होती.

आता ही बाटली काय ते सांगते, कारण सगळं रामायण तिचंच आहे. माझा थोरला भाऊ फोटोग्राफर. फिल्मच्या काळातला. शाळेत असताना मी त्याच्या डार्करूममध्ये ओल्या फिल्मला चिमटे लावायची. फिल्म धुऊन झाली की शेवटच्या पाण्यात तो एका खास साबणाचे थेंब टाकायचा. म्हणजे पाणी फिल्मवर थेंब धरून बसत नाही, ओघळून जातं, डाग पडत नाहीत. टेफ्लॉनचे कप आले आणि पहिल्याच दिवशी त्यांच्यावर डाग बघून मला दादाची फिल्म आठवली. तशाच जातीचा बिनवासाचा साबण आमच्या स्टोअरमध्ये होता. मी डिस्टिल्ड वॉटरच्या एका पिचकारी बाटलीत तो घातला आणि शेवटचं पाणी त्याच बाटलीने मारायला लागले. कोणाला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? स्वयंपाकघरात आपण ओटा कशाने पुसतो ते कोणी जाहीर करतं का? बाटलीवर चिठ्ठीसुद्धा लावली नाही. मी रजेवर असताना घाईने फळी आवरली आणि चिठ्ठी नसलेली बाटली म्हणून ती टाकून दिली. नियमाप्रमाणे बरोबरच केलं तिने. परत आल्यावर बाटली दिसली नाही, तेव्हा गेली तर गेली म्हणून मीही सोडून दिलं.

कप तसाच हातात होता. मी दादाला फोन लावला.

"दादा, फिल्म धुताना शेवटच्या पाण्यात आपण किती थेंब घालायचो रे?"

"आपण? तू नुसती चिमटे लावायचीस. लिटरला दोन थेंब. का गं?"

"आणि अर्ध्या लिटरला कोणी टोपणभर घातलं तर?"

दादा हसला. "कोणी म्हणजे तूच. तुझा हात पहिल्यापासून सढळ. अगं, टोपणभर घातलास तर साबणाचा थरच बसणार ना! पाणी जातं, साबण थोडाच जातो? तो तिथेच वाळून राहतो. वरून पाणी ओत, पुन्हा विरघळेल."

वरून आम्ही साखरेचं पाणी ओतत होतो. चौदा महिने.

मी घाईला गाठलं आणि म्हटलं, मला सहा कप हवेत. ती म्हणाली, सरांना विचारायला हवं, साखर मोजलेली असते, ओव्हनची पाळी. मी म्हटलं, "साखर मी घरून आणते. ओव्हन शुक्रवारी रिकामा आहे. आणि घाबरायचंच असेल तर आधी मला घाबर." सहाही कप मी पुस्तकाप्रमाणे धुतले. त्यातल्या तिघांना शेवटी नव्या बाटलीतलं माझं पाणी मारलं आणि सुकवले. कवचांना एक ते सहा आकडे लावले. कोणत्या आकड्यात काय, ते माझ्या वहीत. तिला नाही सांगितलं. माहीत असलं की डोळे हवं तेच बघतात.

मंगळवारी सकाळी मी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या खोलीत तिच्या शेजारी जाऊन बसले. पडद्यावर पहिलं चित्र आलं. ढेकूळ. दुसरं आलं आणि घाई पडद्याजवळ सरकली. गोळे. सुटे, गोल, जवळजवळ एका मापाचे, जणू कोणी परातीत मोहरी पसरली आहे. तिसरं गोळे, चौथं ढेकूळ, पाचवं ढेकूळ, सहावं गोळे.

"दोन, तीन आणि सहा," ती म्हणाली. "या तिघांत काय आहे, मावशी?"

मी वही उघडून तिच्यासमोर ठेवली. दोन, तीन, सहा. पुढे लिहिलेलं होतं: साबण.

तिने ते दोनदा वाचलं. मग डोकं टेबलावर टेकलं आणि रडायला लागली. पहिल्यांदाच तिने कुठलीही गोष्ट सावकाश केली. चौथ्या रांगेत काहीही न मिसळता गोळे आले नव्हते. तिथे माझा साबण होता. आणि बाकी तीन रांगांत सर्फॅक्टंटच्या जोडीला माझा साबण होता, म्हणून तेही आकडे कामातून गेले. सगळी चौदा महिन्यांची मेहनत पाण्यात. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. माझी चूक होती ती. मला लाज वाटली आणि ती वाटायलाच हवी होती. मी म्हटलं, "माझ्या हातून झालं, पोरी. मला माफ कर." तिने माझा हात झटकला नाही.

दुपारी आम्ही दोघी सरांकडे गेलो. चित्रं टेबलावर मांडली. सगळं मी सांगितलं, घाई खाली बघत उभी राहिली. सर हुशार माणूस आहेत, अर्ध्यातच त्यांना कळलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं, ते मी बघितलं. ते खिडकीपाशी गेले. परत वळले तेव्हा चेहरा एकदम मोकळा.

"म्हणजे प्रश्न सुटला," ते म्हणाले. "बाई, तो कागद विसरा. सही नको. गुरुवारी समितीसमोर आपण प्रयोग करून दाखवू. तुम्ही फक्त कप पूर्वीसारखे धुवा."

"पूर्वीसारखे म्हणजे साबण घालून?"

"धुण्याची पद्धत ही धुण्याची पद्धत असते. आपण प्रयोगात तर काही मिसळत नाही ना?"

काल मी हलगर्जी होते, आज मी पद्धत झाले.

"सर, कपात साबण आहे हे तुम्हाला माहीत आहे."

"बाई, तुम्ही तुमचं काम करा. विचार करायला इथे बाकीचे आहेत."

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. माझा अपमान झाला म्हणून म्हणत नाही; माझे अपमान मी मोजायचं सोडून दिलं आहे. पण ज्या गोळ्यांनी कधीतरी कोणाच्या रक्तातलं विष काढायचं, ते कशाने तयार होतात हेच लपवायचं, आणि लपवायला माझे हात वापरायचे? हात माझे आहेत. बावीस वर्षं त्यांना ब्रश आणि अल्कोहोल लागून कातडी सोलवटली आहे. खोटं बोलायला ते मी कोणाला भाड्याने देत नाही.

बुधवारी सगळे कप मी धुतले. गरम पाणी दहा वेळा, अल्कोहोल तीन वेळा, डिस्टिल्ड वॉटर पाच वेळा. डागांसकट वाळवले. नवी बाटली मोरीत ओतली. मग जेवणाच्या सुट्टीत बसून एक अर्ज लिहिला आणि त्याची दुसरी प्रत हातानेच उतरवली.

गुरुवारी दहाला दहा मिनिटं असताना मी सरांच्या खोलीत गेले. समिती खाली फाटकापाशी पोचल्याचा फोन नुकताच आला होता. सर टाय सारखा करत होते.

"हा माझा अर्ज, सर. एक प्रत तुमच्या फाइलला, एका प्रतीवर पोच द्या."

त्यांनी वाचला. मी काय लिहिलं ते जसंच्या तसं सांगते, कारण मला पाठ आहे.

"चौदा महिने मी कपांच्या शेवटच्या पाण्यात साबण घालत होते. कोणाला सांगितलं नाही, बाटलीवर चिठ्ठी लावली नाही. ही चूक माझी आहे. साबणाशिवाय धुतलेल्या कपांत गोळे होत नाहीत, ढेकळं होतात. सहा कपांची चित्रं सोबत जोडली आहेत. हे सरांना मंगळवारी दाखवलं आहे. तरीही काहीही न मिसळता गोळे होतात हा दावा मागे घेतलेला नाही आणि समितीसमोर कप पूर्वीसारखे साबण घालून धुवावेत असं मला तोंडी सांगण्यात आलं. मी तसं केलेलं नाही व करणार नाही."

"मी पोच देणार नाही," सर म्हणाले.

"मग मी इथेच उभी राहते."

"बाई, तुम्हाला कळतंय का, उद्यापासून तुम्हाला या इमारतीत पाऊल टाकता येणार नाही."

"आज टाकलंय ना. पोच द्या."

"तुमचीच चूक आहे! तुम्ही स्वतः लिहून देताय!"

"माझी मी लिहून दिलीच आहे. तुमची मी माझ्या नावावर घेणार नाही."

तेवढ्यात घाई आत आली. हातात समितीसाठीच्या फाइली, नेहमीसारखी धापा टाकत. सरांना जणू देव भेटला. "ये, ये. तूच समजाव यांना. हा कागद समितीच्या हातात गेला तर नुकसान कोणाचं आहे? माझं नाही. तुझा प्रबंध दोन महिन्यांवर आलाय. सांग यांना."

तिने अर्ज घेतला. उभ्या उभ्याच वाचला, पण सावकाश, ओळीवर बोट ठेवून. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर ती विनंती झाली असती आणि चौदा महिने बुडवून वर विनंती करायचा मला काय अधिकार होता? ती सरांचं ऐकती तरी मी तिला बोल लावला नसता, हे अगदी मनापासून सांगते.

तिने फाइली खुर्चीवर ठेवल्या. खिशातून पेन काढलं. माझ्या प्रतीच्या कोपऱ्यात लिहिलं, "मिळाले." खाली पूर्ण नाव. तारीख. वेळ, नऊ त्रेपन्न. आमच्याकडे विभागातल्या कोणाचीही पोच चालते. सरांना ते माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तिलाही माहीत होतं.

"वेडी आहेस का?" सर ओरडले. "सगळं पहिल्यापासून करावं लागेल तुला!"

"हो, सर," ती म्हणाली. या वेळी वाक्य तिने पूर्ण केलं. "पहिल्यापासून करीन. धुतलेल्या कपांत करीन. आणि चौथ्या रांगेत ढेकळं आली तर ढेकळं लिहीन."

माझी प्रत तिने माझ्या हातात दिली. दुसरी सरांच्या टेबलाच्या मधोमध ठेवली आणि तिच्यावर तळहात दाबून उभी राहिली. दारावर टकटक झाली. तिघं जण आत आले. पुढे एक पिकल्या केसांच्या बाई होत्या, समितीच्या अध्यक्ष. त्यांनी सरांकडे बघितलं, घाईच्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

सर म्हणाले, "काही नाही, या बाई आता जातच होत्या."

"मी जात नाहीये," मी म्हटलं. "तो कागद आधी वाचा. पहिल्या तीन ओळींत चूक माझी आहे. तिथून पुढची सरांची. काही विचारायचं असेल तर मी इथेच उभी आहे."

घाईने हात उचलला, आणि अध्यक्षबाईंनी चष्मा लावला.